दोन जमिनीवर, तिसरा पाठीवर

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, कॉलेजच्या गेटवर सव्वीस वर्षं वॉचमन आहेत. लग्न केलं नाही. एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, ड्यूटी बदलती असते." गेली एकोणीस वर्षं त्यांची ड्यूटी सकाळचीच आहे. राहतात आमच्याकडे, जेवतात मुकाट्याने. मीठ कमी पडलं तर बोलत नाहीत, उठून स्वतः बरणी घेऊन येतात. त्यापेक्षा बोललेले परवडले असते.

त्याच कॉलेजात लायब्ररीच्या पॅसेजमध्ये माझं झेरॉक्सचं मशीन आहे. तिथून गेट सरळ दिसतं, त्यामुळे घरात दिसत नाहीत तेवढे भाऊजी मला तिथे दिसतात.

त्यांच्याकडे एक काठी होती, खाली लोखंडी टोपी बसवलेली. कुत्री हाकलणं हे त्यांचं काम आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. पण प्राध्यापकांच्या गाडीवर कुत्रं झोपलं की हाक त्यांनाच. त्यांची पद्धत ठरलेली. काठी जमिनीवर दोनदा आपटायची. टक, टक. कुत्रं उठून गेलं तर ठीक, नाहीतर तिसरा पाठीवर. "न सांगता मारणं आपल्यात बसत नाही," असं वर अभिमानाने सांगायचे. एकदा एक पिवळी कुत्री दोन टोले ऐकूनही उठली नाही, कारण पोटाशी पिल्लं होती. तिसरा तिच्या मागच्या पायावर बसला. तेव्हापासून ती तीन पायांवर चालते, आणि सगळे तिला लंगडी म्हणतात. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. पद्धत मात्र बदलली नाही.

यंदा पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. तिला जन्मापासून दिसत नाही. पांढरी काठी टेकत गेटपासून लायब्ररीपर्यंत एकटी येते. मी तिला पुस्तकाची पानं स्कॅन करून देते, मग तिचा फोन ती पानं मोठ्याने वाचतो. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "बाळा, हात धरू का?" तर म्हणते, "हात नको काकू. पण अठ्ठेचाळिसावं पान वाकडं आलंय." मला पोरगी आवडली.

दुसऱ्या आठवड्यात कुत्री तिच्या अंगावर गेली. चार होती, पुढे लंगडी. मग पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी पोटरीत दात घुसले. त्याच रस्त्याने शेकडो पोरं हातात खाऊ घेऊन जातात, त्यांच्याकडे एक कुत्रं मान वर करून बघत नाही. हिच्याशीच काय वैर होतं, कोणाला कळेना.

तिचे वडील आले. शिंपी माणूस, खिशाला सुई टोचलेली तशीच राहिली होती. म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघतो. तोवर हे थांबलं नाही, तर घरी नेतो. शिक्षण काय, जीव आधी." ते गेल्यावर पोरगी माझ्या मशीनकडे तोंड करून रडली. "एकदा घरी गेले ना काकू, की मला परत कोणी पाठवणार नाही." माझ्या घशात आवंढा आला, आणि मशीनमध्ये कागद अडकला. दोन्ही निघायला वेळ लागला.

भाऊजी तर नुसते चवताळले. दिवसभर काठी आपटत कुत्र्यांच्या मागे. टक, टक, आणि तिसरा. कुत्री आणखीच बिथरली.

मग कॉलेजने दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी समिती नेमली. समितीची बैठक तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. त्या मुलीबरोबर चाकाच्या खुर्चीतला एक मुलगाही बोलावला होता, तो खालीच बसून राहिला. त्याची नोंद "गैरहजर" अशी झाली. मी कागद वाटायला आत होते, भाऊजी दारात उभे होते. तासभर चर्चा झाली. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, असं अध्यक्षांनी दोनदा सांगितलं. शेवटी असं ठरायला आलं, की कुत्र्यांना चिथावणी मिळेल अशी वस्तू विद्यार्थ्यांनी हातात बाळगू नये.

"म्हणजे माझी काठी?" मुलीने विचारलं.

अध्यक्ष समोरचे कागद सारखे करायला लागले.

"उद्या तुम्ही डोळे मिटून या म्हटलं तर याल का?" ती उठलीच. "मी कशी चालते ते तरी बघा." आणि टेबलाच्या कडेने चालायला लागली. काठी डावीकडे टेकली, उजवीकडे टेकली. टक, टक.

दारात भाऊजींच्या हातातली काठी तिसऱ्या टोल्यासाठी आपोआप वर गेली.

मी बघितलं. त्यांनीही बघितलं, स्वतःच्याच हाताकडे. चेहरा पांढराफटक. मग आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता आत आले आणि म्हणाले, "साहेब, कुत्र्यांना हे मी शिकवलंय. दोन टोल्यांनंतर मार बसतो, ते त्यांना पाठ आहे. मार बसायच्या आधीच ती धावून येतात."

अध्यक्ष म्हणाले, "लेखी द्या."

भाऊजींनी दिलं! तिथेच बसून, सहीसकट. त्याच्या तीन प्रती मलाच काढाव्या लागल्या. काठीचा ठराव मागे पडला, आणि आठवड्यात भाऊजींना कारणे दाखवा नोटीस आली. घरी मी फाडफाड बोलले, "अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला? कोणाला कळलं असतं?" तर म्हणाले, "मला कळलं होतं," आणि मिठाची बरणी घ्यायला उठले.

मुलगी मात्र त्यांच्यावर चिडली नाही. म्हणजे आधी चिडली, चांगली दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेटवर थांबून म्हणाली, "काका, शिकवलंत ना? मग आता उलटं शिकवा."

महिना संपायला अठरा दिवस होते. भाऊजी रोज सकाळी सहाला जायला लागले. काठी दोनदा जमिनीवर, आणि तिसऱ्याच्या जागी पावाचा तुकडा. पहिले चार दिवस एकही कुत्रं फिरकलं नाही. पाव कावळ्यांनी खाल्ला. मग एक आलं, मग तिन्ही. लंगडी काही येईना. तिच्यासाठी ते पाव ठेवून वीस पावलं मागे जायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे. मग ती यायची, घाईघाईने खायची, पळायची. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

शेवटच्या दिवशी वडील आले, हातात मोठी रिकामी बॅग. मुलगी म्हणाली, "मी एकटी चालते. तुम्ही गेटवरूनच बघा." भाऊजींनी आपली काठी केबिनमध्ये ठेवली. वडिलांनी गेटची सळई धरली. मी मशीन बंद केलं.

टक, टक. कुत्री उठली. तिन्ही धावत गेली आणि रस्त्याच्या कडेला बसली. मागून लंगडी आली, पण कडेला न थांबता सरळ वाटेत. पांढरी काठी तिच्या पुढच्या पंजाला लागली. माझा जीव टांगणीला. भाऊजींनी एक पाऊल पुढे टाकलं आणि दात आवळून मागे घेतलं.

लंगडी वाटेतच बसली आणि वर बघत राहिली.

"कोण आहे?" मुलीने विचारलं. मग खिशातून पाव काढला, वाकून हात पुढे केला. लंगडीने पाव उचलला, हात एकदा चाटला आणि बाजूला झाली. टक, टक करत पोरगी लायब्ररीत आली. मी तिला जवळ घेतलं आणि या वेळी तिने नको म्हटलं नाही.

वडिलांनी गेटची सळई सोडली. मग भाऊजींना म्हणाले, "मी निघतो. साडेपाचची बस आहे." रिकामी बॅग तशीच घेऊन गेले.

याला आता चार महिने झाले. नोटिशीचं पुढे काय झालं, ते समितीलाही माहीत नाही. भाऊजी आता रिकाम्या हाताने गस्त घालतात. लंगडी पांढऱ्या काठीच्या मागे मागे चालते, दुपारी माझ्या मशीनशेजारी झोपते. पण भाऊजी पाव घेऊन आले की उठून लांब जाते. अजूनही ते पाव ठेवतात, वीस पावलं मागे जातात, पाठ फिरवतात. मग ती खाते.

परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, काठी तर सोडलीत. हिचा अजून विश्वास कसा नाही हो?"

"बरोबर आहे तिचं," ते पाठमोरेच म्हणाले. "मारणारी काठी नव्हती वहिनी, ते तिला कळलंय."

मग घंटा झाली आणि ते गेट उघडायला गेले.