पाच ऐन आणि दिनूची दुर्बीण

रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला होता, तेव्हाच कळलं. दुकानवाला मान खाली घालून म्हणाला, "काकी, दिनू गेला गो. काल सकाळी, देवरूखात, घरीच. छातीत कळ आली नि बसल्या जागी…" तेवढ्यात मशीन वाजलं, अंगठा लागला, तांदूळ पिशवीत पडले. मी पिशवी उचलली, घरी आले नि ओटीवर बसून राहिले. पंचेचाळिशीचा होता. मी पंच्याहत्तरीची, अजून लाकडं फोडत्ये. रडू आलं नाय. मला येत नाय ते लवकर. पण त्या दिवशी चूल पेटवली नाय एवढं खरं.

दीड महिना झाला आता. नात म्हणाली, आजी तू सांग, मी लिहून घेत्ये. माझी शाळा दुसरीपर्यंत, म्हणून तीच लिहिते आहे.

दिनू नात्याचा नव्हता. देवरूखच्या एका लहानशा नेटच्या दुकानात कामाला होता. डोंगरावरच्या टॉवरवरून वायर न घालता नेट गावात आणायचं, हे त्याचं काम. आमची वाडी खोलगट जागेत, चारी बाजूंनी डोंगर. फोनला रेंज म्हणून नाय. रेशनला अंगठा आला तेव्हापासून आमचे हाल. दुकानवाला मशीन घेऊन सड्यावर चढायचा नि आम्ही बायका कार्ड, पिशव्या घेऊन त्याच्या मागून. तासाभराचा चढ. वर कातळावर उन्हात बसायचं, मशीनला रेंज आली तर तांदूळ, नायतर उद्या परत. अशीच एकदा पावसात माझी जाऊ शेवंता शेवाळावर घसरली. खुबा मोडला. ती तेव्हापासून अंथरुणाला आहे.

शेवंता नि मी एकाच साली या घरात नांदायला आलो. दोघींचे नवरे मुंबईला. माझे मालक तिकडेच आजारी पडले, तिकडेच गेले. मला तीन पोरं नि चार भातखाचरं. खाचराच्या बांधावर पाच ऐन. सासूने सांगितलं होतंन, ही झाडं जप. दर साली फांद्या छाटायच्या, त्या कवळाने जमीन भाजायची, मग तिथे भाताचं रोप. कमरेला कोयती बांधून मीच चढायचे. धाकटा पाच महिन्यांचा होता, त्याला खाली झोळीत ठेवून चढले आहे. ऐन होते म्हणून रोप झालं, नि रोप झालं म्हणून पोरं वाढली. जास्त काय सांगू…

दिनू पहिल्यांदा आला तो फाल्गुनात. वाडीत माझंच घर जरा उंचावर, म्हणून खांब माझ्या अंगणात पुरायचा नि तिथून नेट खाली रेशनच्या दुकानात न्यायचं ठरलं. आला तो पाठीवर ही मोठी पिशवी. त्यात दुर्बीण, होकायंत्र, आरसा नि लॅपटॉप. लॅपटॉपवर मला डोंगर दाखवलान, सुरीने फणस उभा चिरावा तसा. म्हणाला, "काकी, इथून टॉवरपर्यंत मधे काय आड येता नये. नि ही लाईन म्हणजे सुतळी नाय हां. तवशासारखी असते, मोठ्या काकडीसारखी, दोन टोकांना बारीक, मधे पोट. त्या पोटाला पण काय लागता नये."

"मग तवसं म्हण की. लाईन कशाला म्हणतोस?" मी म्हटलं. तेव्हापासून तो तवसंच म्हणायला लागला.

टॉवरच्या डोंगरावर जाऊन तो आरशाने ऊन पाडणार, नि ते मला दिसलं की मी उलट खूण करायची. फोन तर लागत नाय. मी चिंचेने घासून पितळेची परात घेतली नि अंगणात उभी राहिले. दोन तास उभी. शेवंता आतून ओरडत होती, "अगो भागी, परात घेऊन कोणाला जेवायला बोलावतेस?" एकदम समोरच्या डोंगरावर काजवा चमकल्यासारखं झालं, भर दुपारी. मी परात हलवली. तिकडून तीनदा चमकलं. शेवंताला सांगितलं, "दिसला गो, दिसला!" तर ती म्हणते, "त्याला सांग, येताना मीठ घेऊन ये."

साठ फुटी टॉवरवर सरसर चढणारा माणूस, पण माझ्या कोंबड्याला घाबरायचा. तो अंगणात असला की दिनू खळ्याच्या कडेकडेने यायचा. "काकी, आधी त्या तुमच्या साहेबाला कोंडा."

त्या दिवशी परत आल्यावर त्याला घावणे वाढताना मी म्हटलं होतं, "दिनू, हे ऐन आत्ता छाटलेले आहेत रे. खांबासारखे उभे आहेत. पावसात असे राहत नाय ते." तो हसला. "काकी, सगळं बघितलंय. मशीन सांगतंय, तवसं क्लिअर." मी गप्प राहिले. शिकलेल्या माणसाला काय सांगायचं… तिथे माझीही चूकच झाली.

नेट लागलं. तीन महिने दुकानात अंगठे उठले. शेवंताला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेली, तिचाही अंगठा लागला. ती म्हणाली, वरात निघाली माझी. मग आषाढ आला. ऐनांना फुटवा आला, वीतवीतभर पानं, त्यावर पाऊस. नेट गेलं. मशीन परत सड्यावर.

वाडी माझ्या अंगणात जमली. आमचा वाडीप्रमुख गणपत म्हणाला, "काकी, पाच झाडांपायी अख्ख्या वाडीला डोंगर चढायला लावतेस? तुझीच जाऊ पडली ना तिथे?" कोणतरी कुऱ्हाड पण आणलीन होती. मी आत बघितलं. शेवंता भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला सगळं ऐकायला जात होतं. मी म्हटलं, "तोडा." दुसरं काय म्हणणार? झाडं माझी, पण पाय सगळ्यांचे.

दिनू तिथेच होता, भिजलेला. नेट का गेलं ते बघायला आला होता. तोंड मिटून बसला असता तर त्याचं काम आयतं झालं असतं. झाडं गेली असती, नेट चाललं असतं, कोणी त्याला बोल लावला नसता. तो मधे येऊन उभा राहिला. "थांबा. झाडांची चूक नाय, माझी आहे. मी फाल्गुनात बघितलं, झाडं उघडी असताना. काकीने मला सांगितलं पण होतंन. मी ऐकलं नाय."

गणपत म्हणाला, "मग आता?"

"आता परत बघतो. पानं आहेत तोवरच बघायला पाहिजे."

त्याचा दुकानमालक त्याला फार बोलला असं नंतर कळलं. त्याने मला कधी सांगितलं नाय. तीन रविवार आला, सुट्टीच्या दिवशी. ऊन नाय तर आरसा काय कामाचा? डोंगरावर जाऊन बांबूला लाल लुगड्याचा तुकडा बांधून धरायचा नि दुर्बीण माझ्या हातात. जन्मात पहिल्यांदा बघितलं त्यातून. आधी नुसतं धुकं. गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले तेव्हा, दोन ऐनांच्या मधल्या फटीतून नव्हे, पाचही ऐन एका अंगाला ठेवून, लाल दिसलं. सगळं मोकळं. खांब तिथे हलवलान, आधीपेक्षा उंच केलान. पुढच्या महिन्यात भर पावसात दुकानात अंगठे लागले. कुऱ्हाड घेऊन आलेला होता ना, त्याच्या बायकोचा पहिला.

मग दर भाद्रपदात तो यायचा, पानं केवढी झाली ते बघायला. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ खायचा, शेवंताशी भांडायचा नि जायचा. चुकलो म्हणणारे पुरुष मी आयुष्यात फार बघितले नाय. चारचौघांत म्हणणारा तर हा एकच.

परवा माझ्या खांबावरून वरच्या वाडीला नेट द्यायला त्याच्या दुकानातली एक मुलगी आली. देवरूखच्या कॉलेजात शिकलेली, चुणचुणीत. ऐन नुकतेच छाटून झालेत, बांधावर सोट्यासारखे उभे. तिने लॅपटॉप उघडून बघितलंन, दुर्बिणीतून बघितलंन. मला वाटलं, आता ही पण म्हणणार, क्लिअर आहे. ती दुर्बीण खाली करून माझ्याकडे वळली.

"आजी, ही झाडं भाद्रपदात केवढी होतात?"

मी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलंन?"

"दिनूसरांनी. ते म्हणायचे, कुठल्याही गावात गेलीस की खांब पुरायच्या आधी तिथल्या म्हाताऱ्या बाईला विचार."

मी काठी घेतली, तिला बांधावर नेलं. एकेका ऐनाखाली उभं राहून काठी वर धरून दाखवलं, हा एवढा होतो, हा त्याहून वर, हा आडवा पसरतो. ती लिहून घेत होती. पाचव्या झाडाशी माझा हात भरून आला, तरी काठी खाली घेतली नाय… तिचं लिहून होईपर्यंत.