बर्मेतच्या नवऱ्याचा फोर्क

माझ्या धाकट्या बहिणीचा, बर्मेतचा, नवरा मेदेर काराकोलमध्ये पाहुण्यांना सायकलवरून डोंगरात नेतो, असं तो सांगतो. नेतो म्हणजे पुढे राहून बडबडतो. त्याच्याकडे एक खरोखर चांगली डोंगरी सायकल होती. पुढचं चाक धरणाऱ्या तिच्या फोर्कच्या दोन नळ्या आत-बाहेर होत आणि खड्ड्यांचे दणके गिळत. पाच वर्षांत मेदेरने त्या नळ्यांना साधं फडकं लावलं नाही. बुटांना मात्र रोज लावायचा.

नळ्यांवरून ऑइल ओघळायला लागलं तेव्हा मीच त्याला बाजारामागे झिनाईदा पेत्रोव्नाकडे पिटाळलं. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करणारी बाई. तिने नळीवरून नुसतं बोट फिरवलं.

"नळीभोवतीचं रबरी सील गेलंय. नळीला अजून ओरखडा नाही. सील आणि ऑइल बदलते, दुपारी घेऊन जा."

"जुन्यावर कशाला खर्च, झिनाईदा पेत्रोव्ना? नवाच घेईन म्हणतो."

"मग घे."

"पण हाही तसा चांगला आहे."

"मग ठेव इथे."

"बघू," म्हणाला आणि सायकल घेऊन परत आला.

या बघण्यात दोन उन्हाळे गेले. दुरुस्त करू की बदलू, हे त्याने टॅक्सीवाल्याला विचारलं, शेजारच्या शिक्षिकेला विचारलं, माझ्या सासऱ्यांनाही विचारलं. सासऱ्यांनी जन्मात घोड्याखेरीज कशावर बूड टेकलं नव्हतं. ते म्हणाले, "घोडा असता तर एव्हाना मेला असता."

शेवटी अल्माटीहून नवा फोर्क आला. त्याची वरची दांडी खाली जाड होत गेलेली, आणि ती जिच्यात बसायची ती सायकलीची नळी जुन्या पद्धतीची, अरुंद. बसेचना.

"माप घेतलं होतंस?" मी विचारलं.

"फोटोत बरोबर दिसत होता, एजे." आमच्याकडे मोठ्या बहिणीला एजे म्हणतात.

म्हणजे आता एक बिघडलेला फोर्क आणि एक न बसणारा. मेदेरने नवा कपाटावर ठेवला आणि जुन्यावरच दोन डच बहीणभावांना जिरगालानच्या खोऱ्यात नेलं. उतारावर फोर्क दबला तो दबलेलाच राहिला. हा गृहस्थ तीन तास सायकल ढकलत खाली आला. पाहुण्यांना म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी रस्ता तपासत येतो." तो पोचला तोवर त्यांचं माझ्या स्वयंपाकघरात जेवून झालं होतं. मग हात धुऊन त्याने परदेशी कारखान्यांवर भाषण दिलं. ती पोरं मान खाली घालून चहा पीत राहिली. लाज त्यांना वाटली, याला नाही.

दुसऱ्या दिवशी बर्मेतने नवऱ्याला न विचारता सायकल आणि नवा फोर्क घेतला आणि झिनाईदाकडे गेली. मीही बरोबर होते.

"आता सील घालून उपयोग नाही," झिनाईदा म्हणाली. "धुळीने नळ्या खरवडल्यात. दोन वर्षांपूर्वी आणायचा होता."

"आणला होता ना."

"हो. आणि परत नेला." तिने फळीवरून एक मोडका फोर्क काढला. "हा याच मापाचा. खालून फुटलाय, पण नळ्या शाबूत आहेत. हा आणि तुमचा जुना मिळून एक होईल."

"करा. बदल्यात हा नवा घ्या. पण मला शिकवा."

"तुझा नवरा काय म्हणेल?"

"त्याला आधी कळू तर द्या."

दुपारभर बर्मेतने स्वतःच्या हाताने नळ्या काढल्या, पुसल्या, सील बसवलं, ऑइल मोजून भरलं. संध्याकाळी तीच सायकल चालवत घरी आली. लग्नाआधी ती माझ्यापेक्षा जोरात उतार उतरायची. ते आम्ही सगळेच विसरलो होतो, तीसुद्धा.

आता पाहुणे तिच्याबरोबर जातात. दर महिन्याला ती फोर्क उलटा टांगून तपासते. मेदेर मागून सामानाची गाडी आणतो आणि भेटेल त्याला सांगतो, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, दुरुस्तच करावा." चढावर थांबून तो सगळ्यांचे फोटोही काढतो. त्यात बर्मेत बहुतेक वेळा अर्धीच येते, तोवर ती पुढे निघालेली असते.