देसांकाच्या कौलांवरचा दोर

छपरातून घमेल्यात टपटप सुरू झाली, तशी देसांकाला मुलाची ताकीद आठवली. नेनादनं उन्हाळ्यातच बजावलं होतं, "आई, पुन्हा छप्पर गळलं तर घराला कुलूप. तू माझ्याकडे शहरात यायचं." नेनादच्या त्या तिसऱ्या मजल्यावर ती एकदा राहून आली होती. कोंबड्या नाहीत, चूल नाही, भांडायला शेजारीण नाही.

ओल्या कौलावर पाय ठेवायचा नाही, हा तिच्या नवऱ्याचा, वितोमीरचा नियम. तो गेला तरी नियम राहिला. आठवडाभर तिनं आभाळाकडे बघत कळ काढली. उघडीप मिळाली ती नेमकी संत दिमित्रीच्या सणाला, कॅलेंडरात लाल अक्षरांच्या दिवशी. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. आणि संध्याकाळी नेनाद जेवायला यायचा होता.

ती आधी माळ्यावर गेली. वाशावरचा ओलेपणा बोटानं चाचपत वर वर गेली, तेव्हा फुटकं कौल सापडलं. घमेल्यापासून चांगलं दोन हात लांब. मग दोराला मक्याचं कणीस बांधून तिनं तो आढ्यावरून पलीकडे फेकला, घरामागच्या अक्रोडाला वितोमीरनं शिकवलेली गाठ मारली आणि अलीकडचं टोक कमरेला आवळलं. धुराड्याला दोर बांधतो तो मूर्ख, असं वितोमीर म्हणायचा.

आता शिडी धरायला कुणीतरी हवं होतं.

"सणाला काम? उंदीर सगळे कपडे कुरतडतील तुझे!" शेजारची स्तामेंका कुंपणावरून ओरडली.

"कुरतडू देत. तू शिडी धर."

"मी नाही धरायची. माझ्या माथी पाप नको."

"मग एकटी चढते. पडले तर माझ्या कोंबड्या तुला."

"त्या अंडी न देणाऱ्या? नकोत बाई!" स्तामेंका कुरकुरत आली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर ठाण मांडून बसली. "मी नुसती बसलेय हं. बसणं म्हणजे काम नव्हे."

तिच्या वजनानं शिडी जमिनीत रुतली, हलायचं नाव नाही. देसांकानं दुसरी शिडी छपराच्या उतारावर टाकून आढ्याला अडकवली, तिच्यावर भार देत सरकली, फुटकं कौल काढून गोठ्यामागचं जुनं बसवलं आणि खाली उतरली. कमरेची गाठ सोडली, शिड्या आवरल्या. मग चीजच्या थरांची पोळी भट्टीत करपेल म्हणून आत धावली.

संध्याकाळी पाऊस आला. घमेलं कोरडं. नेनाद मात्र दारातच थबकला.

"आई, आढ्यावर दोर कसला? वर कोण चढलं होतं?"

देसांका ताट वाढायला वळली. जेवायला थांबलेली स्तामेंका पुढे सरसावली.

"सणाच्या दिवशी? छे रे बाबा! मी सकाळभर शिडीवर बसले होते, मला दिसलं नसतं होय?"

नेनाद तसाच वळला. पावसातच घरामागे गेला. अक्रोडाजवळ उभं राहून त्यानं दोर दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढला. गाठ तसूभर हलली नाही. बाबांचीच गाठ होती ती.

भिजून परत आला तेव्हा त्यानं माळ्याकडे एकदा पाहिलं आणि ताटावर बसला.

"पुढच्या वेळी मला फोन कर," तो म्हणाला. "स्तामेंकामावशीच्या शेजारी मीही बसेन."