निरोगी कुणी लिवलं?

"डोळा मोठा उघड की गं! तुमी लोकं चोरीला निघता तवा तर बराबर उघडता."

मालक असं बोलले आन् मागची सगळी रांग हसली. माझी हनुवटी मशीनच्या पट्टीवर व्हती. कपाळ टेकलेलं. हलू नको म्हणलं व्हतं, म्हणून हलले न्हाई. हसणारे दिसले न्हाईत. नुसतं ऐकलं.

हिंगोलीकडल्या पुसेगावला देवळाच्या मंडपात शुगरवाल्यांचं डोळ्याचं शिबिर व्हतं. मशीन शहरातल्या एका संस्थेची. शिबिर भरवलं मालकांनी. गावची निम्मी जमीन त्यांची, म्हणून सगळे त्यांना मालकच म्हणतात. मी लमाणांच्या तांड्यावरची. शाळेत खिचडी शिजवते. सातवी शिकले. शुगर सहा वर्षांपासून.

माईकवर सांगितलं व्हतं, मशीन डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढते आन् एआय लगेच सांगते, शुगरनं पडदा बिघडला का न्हाई. डॉक्टरची वाट बघायची गरज न्हाई. खरं सांगते, मला बरं वाटलं व्हतं. मशीनला जात न्हाई. ती सगळ्यांच्या डोळ्यात सारखंच बघंल.

तीनदा उजेड मारला. मशीनवरची मॅडम म्हणली, "फोटो येईना."

"जन्म चुलीपुढं घालवल्यावर काय येणार? उठवा तिला," मालक म्हणले. एकानं दंडाला धरून उठवलं. मॅडमनं हातात कार्ड दिलं. त्याच्यावर लिवलेलं : डोळे निरोगी.

मी ते कार्ड जपून ठेवलं. लोक हसले त्याची लाज मलाच वाटली, आन् त्यांच्याच कार्डावर भरवसा बी मीच ठेवला. पुढं तांदळातले खडे दिसंनात. एका लेकराच्या दाताखाली खडा आला. मास्तरांनी सगळ्या पोरांपुढं झापलं. "डोळे फुटले का तुझे?" कार्डावर तर निरोगी व्हतं. मंग उजव्या डोळ्यापुढं काळी जाळी तरंगायला लागली.

वर्षानं शिबिर परत आलं. तीच मशीन, तीच मॅडम, तेच मालक. उजेड मारला. मॅडम परत म्हणली, "फोटो येईना." मॅडमनं कार्ड पुढं केलं. डोळे निरोगी.

मी उठले न्हाई.

"मॅडम, मशीन काय म्हणली?"

ती मालकांकडं बघायला लागली.

"त्यांच्याकडं काहून बघता? मशीनवर काय आलं ते वाचा."

तिनं हळू आवाजात वाचलं. "फोटो स्पष्ट नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा."

"मागल्या साली बी हेच आलं व्हतं?"

तिनं हातातलं कार्ड खाली ठेवलं. मंग म्हणली, "हो. शिबिरात सगळ्यांची तपासणी पूर्ण झाली, असं मालकांना दाखवायचं होतं, मावशी."

"मंग निरोगी कुणी लिवलं?"

मालक उठून आले. "मशीनपेक्षा तुला जास्त कळतं काय? ऊठ!"

"मशीन तर खरंच सांगून राहिली, की तिला दिसलं न्हाई. लबाडी तुमी केली."

त्यांच्यापुढं तोंड उघडायची ही माझी पहिली खेप. रांगेतून एकजण वरडली, "ऊठ ना बाई, आमाला उशीर होऊन राहिला." मी खुर्ची धरून बसले. मॅडमनं डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी लिवली, तवाच उठले.

हिंगोलीच्या डॉक्टरनं डोळ्यात थेंब टाकले, बाहुली मोठी केली आन् बघितलं. "पडद्यावर रक्त उतरलंय. इतके दिवस काय केलं?" मी जुनं कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. लगेच लेझरची तारीख लिवून दिली.

लेझरनं डावा डोळा वाचला. उजव्यानं आता माणूस वळखू येत न्हाई. नुसता आकार दिसतो.

तांड्यावर घरोघर फिरले. तसलीच कार्डं अजून चौघींकडं निघाली. त्या चौघींना मीच हिंगोलीला नेलं. एकीला फार उशीर झाला व्हता. तिला घरी आणताना वाटभर मी तिचा हात धरून व्हते.

आता शिबिर कुठं बी असो, आमच्या बायांसंगं मी जाते. मला कुणी बोलवत न्हाई. मालक म्हणतात, बाई माजली. म्हणू द्या. मशीनवर काय आलं ते मोठ्यानं वाचून दाखवल्याबिगर आमच्या तांड्याची एक बी बाई तपासणी झाल्याच्या कागदावर अंगठा देणार न्हाई.