विचारल्याशिवाय खातं बंद करू नये

अन्याय माझ्या आत्यावर झाला. किंक्रांतीच्या दिवशी, सकाळी, ती कोकणात मेंढरं चारत असताना. माण तालुक्यातल्या तिच्या गावच्या पशुपालक संस्थेतलं तिचं सभासद खातं त्या सकाळी बंद झालं. बैठक नाही, नोटीस नाही. कुणाला पत्ताही लागला नाही.

कसं झालं ते मला माहीत आहे, कारण ते जिथून झालं तिथंच मी कामाला होतो.

पाणीवाटपाच्या चळवळीत मी पत्रकं लिहायचो. पत्रकांवर पोट भरत नाही, म्हणून सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका कंपनीत लागलो. कंपनी संस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विकते. आता ते माणसाऐवजी एआय एजंट चालवणार होता, म्हणजे स्वतःच बटणं दाबणारा प्रोग्राम. त्यानं वाचायच्या सूचना मला लिहायच्या होत्या: कुठलं काम कधी करायचं, कशाला हात लावायचा नाही.

मालक म्हणाले, "कार्यकर्त्या, पत्रकासारखंच लिही. वाक्य छोटं, हुकूम सरळ. हा वाचणारा घोषणा देत नाही, एवढाच फरक."

फरक तेवढाच नव्हता. माणूस वाचताना अडखळतो, शेजारच्याला विचारतो. हा लिहिलेलं तेवढं करतो. न लिहिलेलं त्याच्यासाठी जगातच नसतं.

मालकांनी नियम सांगितला: बाकी शून्य आणि तीन महिने व्यवहार नाही, तर खातं बंद करावं. मी तो लिहिला आणि खाली माझं वाक्य घातलं: 'सभासदाला विचारल्याशिवाय खातं बंद करू नये.' कारण आमची माणसं मला ठाऊक. मेंढपाळ दसऱ्याला कळप घेऊन घाट उतरतात, पावसाच्या तोंडावर परततात. आणि जाताना संस्थेची पै न् पै फेडून जातात. देणं मागं ठेवून वाटेला लागणं आमच्यात चालत नाही. म्हणजे बाकी शून्य. व्यवहारही शून्य.

मालकांनी वाक्य वाचलं आणि खोडलं. "दर खात्यापाशी थांबून विचारत बसला तर संस्था आपल्याला पैसे कशाला देईल? माणूसच ठेवला असता की!"

"आमच्याकडची माणसं तेव्हा गावात नसतात."

"मग त्यांनी संस्थेला फोन करायचा. त्याला मी काय करू?"

मी भांडलो. वाक्य गेलं ते गेलंच. महिनाअखेरीला मीही गेलो.

आत्या कोकणातून परतली. परवा तिच्याबरोबर संस्थेत गेलो. मेंढरांना आंत्रविषाराची लस हवी होती. वळवानं कोवळं गवत फुटलंय. लस न घेतलेलं जनावर ते खातं, संध्याकाळी धडधाकट असतं आणि सकाळी ताठ झालेलं सापडतं. लस थंड पेटीत ठेवावी लागते. आसपासच्या गावांत तशी पेटी संस्थेकडेच, आणि लस फक्त सभासदांना.

कारकून पडद्याकडे बघत म्हणाला, "आवं मावशी, तुमचं खातं बंद दिसतंय."

"बंद? दसऱ्याला समदं चुकतं करून गेले की रं!"

"म्हणूनच."

"कुणी केलं बंद?"

"आमी न्हाई. एजंटानं."

"कसला एजंट? विम्याचा का जमिनीचा? बोलीव त्याला हितं."

मागं रांगेत उभा असलेला शेजारी हसला. "वहिनी, माझी उधारी हाय म्हणून मी अजून सभासद. तुमाला फेडायची लय हौस!" सगळी रांग हसली. आत्या हसली नाही. कारकून खाली मान घालून म्हणाला, नवीन अर्ज करा, संचालकांची बैठक आषाढात आहे.

आषाढापर्यंत गवत थांबणार आहे का?

काल तिनं कळप रानात सोडला नाही. आज सोडावाच लागला, वाड्यातला चारा संपला. उद्या पहाटे ती एकेका मेंढीच्या पोटाला हात लावून बघेल. तेच सॉफ्टवेअर आता कराडकडच्या संस्थांतही चाललंय म्हणे, माझं वाक्य वगळून.

तुम्ही हे वाचताय. तुमचीही कुठली तरी संस्था असेल, दुधाची, पाण्याची, पतपेढी. उद्या सकाळी तिथं जा. तुमचं नाव आहे का बघा. मग सचिवासमोर बसा आणि त्या एजंटाला वाचायला काय लिहून दिलंय ते दाखवायला सांगा. त्यात वरचं वाक्य नसेल, तर ते घातल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.