चौथं शील

नारायणगावच्या बाजारात विकायला आणलेल्या आमच्या टोमॅटोच्या क्रेटपाशी उभं राहिलं, की तो हिरवट, उग्र वास नाकात शिरतो आणि अवसरीच्या विहारात माझ्या शेजारी बसलेली आई आठवते. पौर्णिमेला ती पांढरं पातळ नेसायची, पण हातांना हाच वास असायचा. सगळे पंचशील म्हणायचे. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की आई गप्प व्हायची. बाया कुजबुजायच्या.

एकदा मी विचारलंच.

"पाली कळत नव्हती तवर म्हनत व्हते," ती म्हणाली. "अर्थ कळला आन् तोंडच उघडंना. आपन क्रेटात खाली बारका माल भरतो, वर टपोरा. त्ये खोटंच की गं!"

"सगळेच भरतात, आई."

"सगळ्यांचं शील मी म्हनती का?"

पुढच्या पौर्णिमेला सकाळी तिनं तळापासून वरपर्यंत सारखा माल भरला. वडील दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी विहारात मात्र चौथ्या शीलाला तिचा आवाज असा चढला, की वडिलांनाही हसू आलं.

आई आता नाही. चौथं शील आलं, की मी आधी आपले हात हुंगते. एखाद्या पौर्णिमेला मीही गप्प बसते.