मागच्या टायरची हवा

गाडीवाल्या दोस्तांनो, आज सकाळी दगडांवर गाडी चढवायचा सराव केला. टायरनं दगड नीट धरावा म्हणून मागची बरीच हवा सोडली होती.

घरी येऊन गाडी धुतली, चेनला तेल दिलं. हवा भरायची मात्र राहूनच गेली.

दुपारी बाबा तीच गाडी घेऊन जवाहरनगरला ड्युटीवर निघाले आणि शहापूरच्या वळणावर घसरले. गुडघा सोलून, लंगडत परत आले.

"गाडी तं तू चकाचक ठेवली होती," ते म्हणाले. "मलेच आता सांभाळवत नाई. बुढा झालो. उद्यापासून बसनं जाईन."

चावी माझ्या हातात दिली. मी गुपचूप घेतली!

आता हवा भरून अंगणात उभा आहे. सांगा, आत जाऊन कोणत्या तोंडानं म्हणू, "बाबा, तुमी बुढे नाई झाले"?